दहा हजार मिलिमीटरचं जॅकेट, तरी आतला शर्ट पिळावा लागला

प्रश्न थोडक्यात असा: साडेसात हजारांचं जॅकेट घेतलं. लेबलावर ‘१०,००० मिमी वॉटरप्रूफ, १०,००० ब्रीदेबल’. जुलैत खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला गेलो, तर तोलार खिंडीच्या वर पोचेपर्यंत आतला शर्ट पिळून काढावा इतका ओला. त्याआधीच्या डिसेंबरात हिमालयात केदारकंठाला ‘उणे ५’ लिहिलेली स्लीपिंग बॅग नेली होती, रात्रभर कुडकुडलो. हे आकडे नुसते छापायचे म्हणून छापतात का?

मी बावीस वर्षं सह्याद्रीत लोकांना घेऊन फिरते आणि त्यातली शेवटची दहा वर्षं पुण्यात घरच्याच एका खोलीत ट्रेकचं सामान दुरुस्त करून देते. उसवलेले तंबू, अडकलेल्या चेनी, तोंड वासलेले बूट. कंपनी काय म्हणते ते दुकानात वाचायला मिळतं, पुढे काय झालं ते माझ्या टेबलावर येतं. तुमच्या दोन तक्रारींबद्दल माझं मत आधीच सांगून टाकते: जॅकेट बहुधा निर्दोष आहे. स्लीपिंग बॅगेत मात्र तुम्हाला गंडवलंय, पण असं की छापलेला शब्द न् शब्द खरा निघावा.

जॅकेटचा पहिला आकडा घेऊ. कापडाचा नवा कोरा तुकडा यंत्रात आवळतात, एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्या ठिकाणी थेंब उमटला की थांबतात. या चाचणीला आयएसओ ८११ म्हणतात. तोवर जेवढा दाब झाला तो पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत सांगतात. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर उंच स्तंभ, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. पाऊस एवढा दाब देत नाही, ताम्हिणीतलासुद्धा नाही. खांद्यावरच्या सॅकचा ढोबळ हिशेब करा. बारा किलोची सॅक, दोन्ही पट्टे मिळून २४० चौरस सेंटिमीटरवर टेकलेत असं धरलं, तर दाब येतो ५०० मिमीच्या आसपास. पट्ट्याच्या कडेला जास्त, तरी दहा हजारांपासून खूप लांब. गुडघा टेकला की मात्र गोष्ट बदलते. तीस किलो भार चाळीस चौरस सेंटिमीटरवर आला की ७,५०० मिमी. म्हणून तर ३,००० मिमीच्या तंबूच्या तळातून नेमकी गुडघ्याखाली ओल येते, आणि लोक तो तंबू ‘फाटलाय’ म्हणून माझ्याकडे आणून टाकतात. भोक शोधण्यात मी पूर्वी अर्धा अर्धा दिवस घालवलाय.

तेव्हा नव्या कापडातून तुम्ही भिजला नाहीत. पण चाचणीला बसतो तो कापडाचा तुकडा. त्याला शिवण नसते, चेन नसते, गळा नसतो, मनगटाची पट्टी नसते. शिवणीवर आतून टेप मारलेली असेल तर ठीक, नाहीतर प्रत्येक टाका म्हणजे सुईचं भोक. आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलेल्याला सांगायला नको की तिथे पाऊस खालून वर येतो. कोकणातून चढणारा वारा कड्याला आपटून थेंब उलटे उडवतो आणि ते जॅकेटच्या खालच्या घेरातून सरळ छातीपर्यंत पोचतात. अशा पावसाची चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत होत असेल असं मला वाटत नाही.

तुमचा खरा प्रश्न दुसऱ्या दहा हजारांत दडलाय. तो आकडा ग्रॅमचा: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती वाफ बाहेर जाते. चोवीसने भागा, तासाला ४१७ ग्रॅम येतात. जॅकेटचं कापड सव्वा चौरस मीटर धरलं तर पाचशेच्या थोडं वर. त्यातून सॅकखाली दबलेली सगळी पाठ वजा करा, तिथून काहीच बाहेर जात नाही. आणि खिरेश्वरच्या चढाला धडधाकट माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. म्हणजे लेबल शंभर टक्के खरं धरलं तरी निम्मा घाम आतच राहणार. हे गणित लेबलावर नसतं, पण करायला पाचवीतलं पोर पुरे.

त्यात ‘लेबल खरं’ यालाही फाटे आहेत. वाफ मोजायच्या पद्धती अनेक. जपानच्या एल १०९९ या एकाच मानकात तीन-चार पोटपद्धती सापडतात. त्यातल्या एकीत कापडाच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ते ओढून घेणारं पोटॅशियम अॅसिटेट ठेवतात, तिथे आकडा फुगून येतो. तेच कापड दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर आकडा कितीतरी खाली. कंपनी कुठला छापेल हे सांगायला ज्योतिषी नको. पद्धतीचं नावच दिलं नसेल तर दोन कंपन्यांच्या ‘ब्रीदेबल’ आकड्यांची तुलना मी करत नाही, तुम्हीही करू नका.

आणि सगळ्यात मोठी अडचण आपल्या हवेची. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या फरकामुळे. युरोपातल्या डोंगरात बाहेर आठ अंश असतील तर पाऊस पडत असतानाही हवेत एकूण बाष्प कमीच असतं, कारण थंड हवेत ते मावतच नाही. आपल्याकडे जुलैत बाहेर बावीस-तेवीस अंश आणि हवा बाष्पाने तुडुंब. माझ्या हिशेबाने आपल्याकडे वाफेला बाहेर जायची ओढ त्यांच्या जेमतेम साठ टक्के उरते. ही जॅकेटं मुळात त्या हवेसाठी जन्मली. पाणी अडवून वाफ सोडणारा, ताणलेल्या टेफ्लॉनचा सच्छिद्र पडदा रॉबर्ट गोर यांना अमेरिकेत १९६९ मध्ये सापडला, १९७६ पासून तो गोर-टेक्स या नावाने पावसाळी कपड्यांत आला. पडद्याचं तत्त्व चोख आहे: भोकं पाण्याच्या थेंबापेक्षा खूप लहान, वाफेच्या कणापेक्षा खूप मोठी. पण बाहेरही वाफच भरलेली असेल तर बिचारा पडदा काय करणार?

बाहेरच्या बाजूला आणखी एक थर असतो, ज्याच्यामुळे दुकानात थेंब मोत्यासारखे घरंगळतात. तो थर कायमचा नसतो. घासला जातो, मळतो, साबणाचा अंश राहिला तरी निकामी होतो. मग वरचं कापड पाणी पिऊन जड होतं. पडदा अजून शाबूत असतो, पाणी आत येत नाही, पण ओल्या कापडातून वाफ जवळजवळ अडते, अंगाला गारवा चिकटतो आणि माणूस म्हणतो ‘जॅकेट गळतं’. इथे जाहिरातदारांवर थोडी दयाही करा. पूर्वी हा थर ज्या फ्लोरिनयुक्त रसायनांचा असायचा ती वर्षानुवर्षं पाण्यात आणि मातीत टिकून राहतात. म्हणून ती बाजूला काढली जाताहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी बहुतांश कपड्यांत त्यांवर १ जानेवारी २०२५ पासून बंदी घातली. नव्या थरांना पाणी झटकता येतं, तेल नाही. त्यामुळे अंगाच्या तेलाने आणि मळाने ते लवकर दमतात, आणि नवी जॅकेटं जुन्यांपेक्षा जास्त वेळा धुवावी लागतात. आपल्याकडे उलट समज: महागाचं जॅकेट आहे, धुऊ नका. धुवा. साधा द्रव साबण, कपडे मऊ करणारं लिक्विड अजिबात नाही, भरपूर पाण्यात खळबळा, आणि लेबलावर परवानगी असेल तर सुकल्यावर मंद इस्त्री फिरवा. उष्णतेने थर पुन्हा जागा होतो. माझ्याकडे ‘गळकी’ म्हणून आलेली कितीतरी जॅकेटं मी फक्त धुऊन परत केली आहेत. दुरुस्तीचे पैसे घ्यायला लाज वाटते, पण घेते.

मावळात आणि कोकणात लावणीच्या वेळी बाया डोक्यावरून इरलं घ्यायच्या. बांबूच्या कामट्या, वर पानं, पुढे प्लॅस्टिक आलं. वाकलेल्या पाठीवर छप्पर आणि खालून सगळं मोकळं, त्यामुळे वारा खेळता राहायचा. दिवसभर चिखलात राबायला त्यांना ग्रॅम मोजावे लागले नाहीत. धनगरांच्या घोंगडीची खोळही तशीच: भिजते, पण भिजूनही ऊब देते. इरलं घेऊन नळीच्या वाटेने चढा असं माझं म्हणणं नाही. पण जुलैतल्या चढाला छत्री किंवा सैल पोंचो दहा हजार मिमीच्या जॅकेटपेक्षा जास्त कोरडं ठेवतो हे मी कित्येक पावसाळे पाहिलंय (वारा नसेल तर, आणि घसरणीवर हात मोकळे हवे असतील तर छत्री मिटायची). मी स्वतः चढताना पातळ टी-शर्टवर भिजत जाते. जॅकेट बाहेर येतं ते पठारावर वारा लागला की, कारण ओल्या अंगाला वारा लागला तर वीस अंशांतही दातखीळ बसते. मुक्कामाचे कपडे सॅकच्या आतल्या जाड प्लॅस्टिक पिशवीत. सॅकवर चढवायच्या त्या रंगीत कव्हरवर माझा काडीचा विश्वास नाही. पाणी पाठीकडून उतरतं आणि कव्हरच्या तळाशी तळं साचतं.

आता तुमच्या जॅकेटचा निवाडा घरीच करा. आत फिक्या राखाडी रंगाचा सुती टी-शर्ट घाला, जॅकेट पूर्ण बंद करा, टोपी ओढा आणि शॉवरखाली पंधरा मिनिटं नुसते उभे राहा. हलायचं नाही, घाम येता कामा नये. बाहेर येऊन टी-शर्ट बघा. राखाडी रंगावर ओल काळी उठून दिसते: गळ्याशी, चेनीच्या रेषेत, खांद्याच्या शिवणीवर, जिथे असेल तिथे. दुसऱ्या दिवशी, पाऊस नसताना, तेच जॅकेट बंद करून सॅक पाठीवर घ्या आणि पर्वती तीन-चार वेळा चढून उतरा. पुन्हा टी-शर्ट बघा. पहिल्या दिवशी कोरडा आणि दुसऱ्या दिवशी चिंब निघाला, तर हरिश्चंद्रगडावर तुम्हाला पावसाने नाही, तुमच्याच घामाने भिजवलं. पहिल्याच दिवशी शिवणीवर ओल आली तर व्हिडिओ काढा आणि बिलासकट दुकानात जा.

स्लीपिंग बॅगेची गोष्ट वेगळी, कारण तिथे मानक चांगलं आहे आणि लबाडी मांडणीत आहे. युरोपात २००२ मध्ये ईएन १३५३७ आलं, आता त्या जागी आयएसओ २३५३७ आहे. गरम होणारा पुतळा बॅगेत झोपवतात, त्याला लांब बाह्यांचे कपडे घालतात, खाली मॅट देतात आणि किती उष्णता निसटते ते मोजतात. त्यातून तीन आकडे निघतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे साधारण बाई ज्या तापमानात सैलावून झोपेल ते. ‘लिमिट’ म्हणजे साधारण पुरुष अंग मुडपून, थंडीने जाग न येता आठ तास काढेल ते. आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे सहा तास बाई जिवंत राहील ते. झोपेल असं नाही. हिमदंश होऊ शकतो, शरीराचं तापमान धोक्याइतकं उतरू शकतं, हे त्या आकड्यात गृहीत आहे.

तुमच्या बॅगेवर मोठ्या अक्षरांत जे ‘उणे ५’ होतं ते बहुतेक हेच तिसरं. तसं असेल तर तिचा कम्फर्ट आकडा अधिक आठ-दहाच्या घरात असणार, म्हणजे ती डिसेंबरातल्या भीमाशंकरची बॅग होती. बॅगेच्या आतल्या पट्टीवर बारीक अक्षरांत तिन्ही आकडे आहेत का ते बघा. मानकाचं नावच नसेल, तर तो आकडा बनवणाऱ्याच्या मनातला आहे, आपल्याकडच्या स्वस्त बॅगांवर हे सर्रास असतं. मी लोकांना सांगते, फक्त कम्फर्ट वाचा आणि त्यातही पाच अंश हाताशी ठेवा. दमलेला, अर्धपोटी, उंचीवर पहिल्यांदा आलेला माणूस पुतळ्याइतकी उष्णता तयार करत नाही.

पुतळ्याखालच्या मॅटकडे कुणी बघत नाही. अंगाखाली बॅगेतली पिसं किंवा कापूस दबून सपाट होतो, तिथे ऊब राखण्याचं काम सगळं मॅटचं. मॅट उष्णता किती अडवते हे सांगणारा आर आकडा मोजायचं मानक २०१८ साली आलं. बर्फावर चारच्या वरचा हवा असं मी धरते. आपण नेतो ती गुंडाळी करायची फोमची मॅट एक ते दोनच्या मधे कुठेतरी असते. आर आकड्यांची सरळ बेरीज होते, म्हणून दोन मॅट एकावर एक टाकल्या तर निम्मं दुखणं तिथेच कमी होतं.

बुटांवर मी रागावून लिहिणार आहे, कारण माझ्या स्वतःच्या पायांवर बेतलंय. जाहिरातीत ‘ग्रिप’ असते, आकडा नसतो. ओल्या, शेवाळलेल्या बेसॉल्टवर धरून ठेवेल असा तळवा मी अजून पाहिलेला नाही, कितीही किमतीचा. ‘वॉटरप्रूफ’ बुटात आपल्याकडे पाणी वरून शिरतं, पहिल्याच ओढ्यात, आणि मग वॉटरप्रूफ असल्यामुळेच बाहेर पडत नाही. पावसाळ्यात जाळीचा, पाणी गाळून टाकणारा बूट बरा. पण खरी मेख तळव्यात. अनेक महागड्या बुटांच्या तळव्यामधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो, आणि तो हवेतल्या ओलाव्याने हळूहळू कुजतो. वापरला नाही तर जास्तच, कारण चालण्याने ओल बाहेर ढकलली जाते. मी हिमालयासाठी म्हणून एक जोड खोक्यात चार वर्षं जपून ठेवली होती, नावाजलेल्या कंपनीची. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही तळवे वडीसारखे तुटून आले. राहिलेले तीन दिवस बूट नायलॉनच्या दोरीने बांधून चालले. कंपनीचं म्हणणं, वॉरंटी खरेदीपासून धरतात. जॅकेट आणि तंबूच्या आतला चमकदार लेपही याच जातीचा. माळ्यावर ओलसर गुंडाळून ठेवला की चिकट होतो, आंबूस वास येतो आणि सालपटं निघतात. तो परत लावता येत नाही, मला आणून देऊ नका.

विजेच्या वस्तूंचं पटकन. हेडटॉर्चवर ‘३०० लुमेन, ४० तास’ असेल तर ते दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. ज्या मानकाने हे मोजतात त्यात उजेड सुरुवातीच्या एक दशांश उरेपर्यंत वेळ मोजत राहतात, आणि बऱ्याचदा तास मंद उजेडाचे आणि लुमेन प्रखर उजेडाचे छापलेले असतात. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टवर मोजलेली असते. मोबाइलला ५ व्होल्टने देताना आणि मधली गळती धरून हाती बारा-तेरा हजार येतात, थंडीत आणखी कमी.

ज्यावर जीव टांगलेला असतो त्या वस्तू मात्र लेबलाला जागतात. गिर्यारोहणाच्या एकेरी दोराने ८० किलो वजनाचे किमान पाच कठोर झटके झेलायलाच हवेत, कॅराबिनरवरचे (दोर अडकवायच्या कडीवरचे) २२ किलोन्यूटन, म्हणजे ती किती ओढ सोसते त्याचं माप, खरोखरच २२ असतात. युरोपात या वस्तू बाहेरच्या संस्थेने तपासल्याशिवाय विकताच येत नाहीत. पावसाळी जॅकेटला तशी सक्ती नाही. फक्त किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा कॅराबिनर घेऊन कुणी रॅपलिंगला आलं तर त्याला मी तिथूनच परत पाठवते.

तक्रार करायचीच असेल तर स्लीपिंग बॅगेची करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करता येते. त्यासाठी विकत घेतानाच्या पानाचा फोटो हवा, ज्यात ‘उणे ५’ मोठं आणि ‘एक्स्ट्रीम’ बारीक किंवा गायब दिसेल. ते पान अजून तसंच आहे का ते आजच बघा, अशी पानं बदलतात.

बॅग मात्र टाकून देऊ नका. सह्याद्रीत ती तुम्हाला दहा वर्षं पुरेल. फक्त आत्ता ती पिशवीत कोंबून माळ्यावर ठेवली असेल तर आज रात्री काढा, झटका, दोरीवर टाका आणि पुढच्या ट्रेकपर्यंत एखाद्या जुन्या उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल भरून ठेवा.